आधी भालाईत, मग झोळी : मध्ययुगीन मिनिएचरची पहिली क्राउडफंडिंग मोहीम

आठ सैनिकांचा एक संच. पहिल्या मोहिमेत याहून जास्त काही देऊ करू नका. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे. टेबलावर खेळायच्या मध्ययुगीन चकमकींसाठी मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या चिमुकल्या आकृत्या, घडवायची आणि त्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायचे, हे काम बाहेरून दिसतं तितकंच आतूनही मजेचं आहे. फक्त शिल्पकार, हिशेबनीस आणि पार्सलं बांधणारा हमाल अशा सगळ्या भूमिका एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. माझ्या पहिल्या खेपेला मी बावीस आकृत्या जाहीर केल्या होत्या आणि त्यातल्या पाचच तयार होत्या. उरलेल्या सतरा पुऱ्या करताना जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो.

स्कर्मिश म्हणजे चकमक. एका बाजूला पाच-दहापासून फार तर पन्नास-साठ आकृत्या असतात. मोठ्या लढाईच्या खेळात सैनिक रांगेत उभे असतात आणि डोळ्याला दिसते ती रांग. चकमकीत प्रत्येक आकृती सुटी उचलली जाते, चारी बाजूंनी पाहिली जाते आणि खेळणारा तिला नावही ठेवतो. त्यामुळे इथे आकृत्या थोड्या असल्या तरी चालतं, पण ओबडधोबड असून चालत नाही. नवख्याला ही सोयीचीच गोष्ट आहे.

पायरी १ : शतक नको, दशक निवडा

‘मध्ययुगीन सैनिक’ असं काही नसतं. पाचव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत हा हजार वर्षांचा पट्टा आहे. १०६६ साली हेस्टिंग्जला लढलेला नॉर्मन स्वार गुडघ्यापर्यंत कड्यांचं चिलखत घालतो, त्याच्या टोकदार शिरस्त्राणाला नाकावर उतरणारी पट्टी असते आणि ढाल पतंगासारखी लांबट असते. तेराव्या शतकाच्या मध्यावर त्याच्या पणतूच्या पणतूचं डोकं पिंपासारख्या बंद शिरस्त्राणात गेलेलं असतं आणि चिलखतावर कापडी झगा आलेला असतो. चौदाव्या शतकात कड्यांच्या जोडीला धातूच्या पट्ट्या येतात, आणि १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टच्या चिखलात उतरलेला फ्रेंच सरदार बहुतांशी पोलादी पत्र्यात असतो. या चौघांना एका पेटीत घातलंत, तर जाणकार घेणारा पेटी खाली ठेवून पुढे जाईल.

वीस ते तीस वर्षांची खिडकी निवडा आणि मग तिच्यातली साधनं पाहा. अकराव्या शतकासाठी फ्रान्समधल्या बायो गावची टॅपेस्ट्री आहे. जवळजवळ ७० मीटर लांबीच्या या कापडावरचं काम विणकाम नसून भरतकाम आहे. तेराव्या शतकाच्या मध्यासाठी मॉर्गन बायबलची चित्रं पाहावीत. त्यात कथा जुन्या करारातल्या असल्या तरी चित्रकाराने सगळ्यांना आपल्या काळातले कपडे घातले आहेत, त्यामुळे पिंपाची शिरस्त्राणं घातलेले बायबलमधले योद्धे पाहायला मिळतात. चित्रकाराची ही चूक आपल्या कामी येते. पंधराव्या शतकासाठी प्रत्यक्ष चिलखतं शिल्लक आहेत. लंडनचं वॉलेस कलेक्शन त्यासाठी प्रसिद्ध आहे. चर्चमधल्या थडग्यांवरचे दगडी पुतळेही फार उपयोगी पडतात. मात्र थडग्यावर कोरलेलं साल मृत्यूचं असतं. पुतळा त्याच्या नंतर कधीतरी घडलेला असू शकतो, आणि क्वचित आधीही.

या सगळ्यात एक फट आहे, ती माझ्या आवडीची. १३६१ साली गॉटलंड बेटावर विस्बी शहराच्या तटाबाहेर डॅनिश सैन्याने तिथल्या शेतकऱ्यांची फौज कापून काढली. मेलेल्यांना खड्ड्यांत पुरलं, त्यातल्या कित्येकांना अंगावरच्या चिलखतासकट. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले, तेव्हा त्या काळाच्या मानाने जुनाट झालेली चिलखतं सापडली. म्हणजे गरीब सैनिक वडिलोपार्जित सामान घालून लढायला येत होता. तुमच्या संचात एखाद्या म्हाताऱ्या भालाइताला चाळीस वर्षांपूर्वीचं शिरस्त्राण द्यायचं असेल तर खुशाल द्या. पुढच्या चाळीस वर्षांतलं मात्र देऊ नका.

पायरी २ : घेणाऱ्याला किती लागतात ते मोजा

आकृत्यांची संख्या आपल्या मनाने ठरवायची नसते, ती नियमांच्या पुस्तकांतून येते. ‘सागा’ या खेळात फौज गुण मोजून उभी करतात. एका गुणाला ४ निवडक अंगरक्षक, ८ योद्धे किंवा १२ साधे शेतकरी-सैनिक मिळतात. ‘लायन रॅम्पंट’मध्ये तुकड्या ६ किंवा १२ जणांच्या असतात. सात जणांची पेटी काढलीत, तर घेणाऱ्याकडे कायम एक तरी कमी पडणार. चारच्या पटीत राहिलात की बहुतेकांचं भागतं.

आता आठ कोण? नवखा माणूस राजापासून सुरुवात करतो, मग राजाचा घोडा, मग राजाचा विदूषक. हा मोह मला चांगला ठाऊक आहे. पण कुणाच्याही फौजेत राजा एकच असतो आणि भालाईत चोवीस लागतात. एक म्होरक्या, एक निशाण किंवा शिंग घेतलेला, आणि सहा साधे भालाईत असा संच माझ्या मते सगळ्यात चालतो. घोडेस्वार पहिल्या मोहिमेत नकोतच. घोड्याचं शरीर दोन भागांत करावं लागतं, साचा वेगळा लागतो, ओतल्यावर सांध्यात फट राहते, आणि घोड्याची चाल चुकली की ती घोड्यात रस नसलेल्यालाही खटकते. मी घेतले होते. पायदळ गेल्यावर सात महिन्यांनी ते पोचले. अगदी शब्दशः वरातीमागून घोडं.

पायरी ३ : माप

या छंदात ‘२८ मिमी’ हे सर्वात चालतं माप आहे, आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. काही शिल्पकार तळव्यापासून डोळ्यापर्यंत २८ धरतात, काही टाळूपर्यंत. डोळ्यापर्यंत धरलं तर प्रमाण साधारण १:५६ पडतं. त्यातच वर्षागणिक नव्या आकृत्या जुन्यांपेक्षा थोराड होत गेल्या आहेत. आपण कोणतंही धरा, पण पट्टीशेजारी उभा केलेला फोटो लोकांना दाखवा.

आता थोडं गणित करू, कारण इथेच पहिली चूक होते. खऱ्या भाल्याचा दांडा ३ सेंमी जाड धरला, तर १:५६ मध्ये तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. चार मिलिमीटर जाडीचं तलवारीचं पातं ०.०७ मिमी होतं, म्हणजे साधारण कागदाइतकं. असं पातं घडवता येत नाही, ओतता येत नाही आणि ओतलं गेलंच तर पहिल्याच खेळात वाकतं. चिलखताची एक सेंटिमीटरची कडी ०.१८ मिमी होते, रंगाच्या पहिल्याच थराखाली ती बुजते. म्हणून मिनिएचर ही माणसाची लहान प्रत नसते, ते त्याचं व्यंगचित्र असतं. डोकं थोडं मोठं, हात जाड, दांडा निदान एक मिमीचा, कड्या खऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठ्या आणि खोल. हातभर अंतरावरून टेबलाकडे पाहणाऱ्याला तेच खरं वाटतं.

यासाठी मी एक चाचणी करतो. आकृतीची बाहेरची रेघ कागदावर काढून आतलं सगळं काळ्या शाईने भरतो. त्या काळ्या सावलीवरून तो तिरंदाज आहे की भालाईत, चालतोय की थांबलाय हे ओळखू आलं तर पुढे जातो. नाही आलं, तर झग्याच्या चुण्या कितीही सुंदर असोत, मुद्रा, म्हणजे उभं राहण्याची ढब, मोडतो.

पायरी ४ : घडवणं

दोन रस्ते आहेत, हाताचा आणि संगणकाचा.

हाताच्या रस्त्यावर ग्रीन स्टफ हा दोन भागांचा इपॉक्सी लगदा वापरतात. निळा आणि पिवळा समसमान मळला की हिरवा होतो. निळा जास्त घेतला तर कडक होतो आणि धारदार कडा घेता येतात. पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट राहतो. पट्टीच्या स्वरूपात घेतलात, तर मधली शिवण, जिथे दोन्ही रंग एकमेकांना टेकलेले असतात, ती कापून टाका. तिथे तो आधीच घट्ट झालेला असतो आणि त्याचे खडे चेहऱ्यात येतात, तेही नेमके नाकावर. मळल्यावर तासभर काम करता येतं, पुरतं घट्ट व्हायला दिवसभर लागतो. हत्यार पाण्याने किंवा किंचित व्हॅसलीनने ओलं ठेवायचं.

क्रम असा ठेवा. आधी तारेचा सांगाडा वाकवून मुद्रा पक्की करा. त्यावर लगद्याचा पातळ थर देऊन तो पूर्ण सुकू द्या. मग पाय, मग अंगरखा, मग हात, मग पट्टे आणि म्यान. प्रत्येक थर सुकल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. घाईत आपण पट्टा घडवत असतो आणि अंगठा मागच्या बाजूने कमरेचं वाटोळं करत असतो. चेहरा आणि हाताचे पंजे यांवर मात्र वाटेल तेवढा वेळ घाला, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

संगणकाच्या रस्त्यावर ब्लेंडर फुकट आहे, झीब्रश पैसे देऊन घ्यावं लागतं. इथे समरूप अवयव, सुटी डोकी, बदलायचे हात हे सगळं सोपं होतं आणि चूक पुसता येते. धोका एकच, पण मोठा. पडद्यावर आकृती पुरुषभर उंच दिसते, म्हणून माणूस तिच्यात दोरांचे पीळसुद्धा कोरत बसतो. ते थ्रीडी प्रिंटरवर छापल्यावर दिसत नाहीत. पडद्यावर आकृती अंगठ्याएवढी करून पाहायची सवय लावा, आणि दर दोन-तीन दिवसांनी खरोखर छापून पाहा. खाच ०.२ मिमीहून उथळ असेल तर पातळ रंग तिच्यात बसत नाही, असा माझा अनुभव. रेझिनचा छापा धुताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. घासताना उडणारी धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण दर वेळी कुणीतरी विसरतं.

हाताने घडवता येत नाही आणि संगणकही जमत नाही, असं असेल तर शिल्पकाराला काम द्या. पण लेखी द्या : आकृतीचे हक्क कुणाचे, फाइल विकण्याचा अधिकार कुणाला, त्याच्या नावाचा उल्लेख कुठे येणार. इतिहासावर कुणाची मालकी नसली तरी त्या इतिहासावरून कुणीतरी घडवलेल्या आकृतीवर ती असते. दुसऱ्याची मिनिएचर घेऊन तिचं डोकं बदलून साच्यात घालणं ही चोरीच आहे.

पायरी ५ : साचा डोक्यात ठेवून मुद्रा ठरवा

ही पायरी क्रमाने पाचवी येत असली तरी तिचा विचार पहिल्या रेघेपासून हवा.

व्हाइट मेटल म्हणजे कथलाचा मिश्रधातू. तो गोल रबरी साच्यात ओततात. साच्याचे दोन अर्ध असतात, ते एकमेकांवर ठेवून गरगर फिरवतात आणि वितळलेला धातू केंद्रातून बाहेर फेकला जाऊन खाचांमध्ये भरतो. ओतल्यावर दोन्ही अर्ध उघडून आकृती बाहेर काढायची. आता कल्पना करा, तुमच्या सैनिकाने एक हात पुढे, एक मागे केलाय, मांडीआड ढाल आहे आणि झगा वाऱ्यावर उडून पाठीमागे खोबण झाली आहे. रबर थोडं ताणतं, पण इतकं नाही. दर वेळी काढताना साचा फाटत जाणार. म्हणून हात शक्यतो शरीराच्या बाजूंना, एकाच पातळीत ठेवायचे. जे पुढे-मागे जाणारच, ते सुटं करायचं. ढाल नेहमी सुटी ठेवा. रंगवणाऱ्यालाही ती वेगळी हवी असते. ढालीवर सिंह-गरुड कोरू नका. सपाट ढाल कुठल्याही घराण्याची होऊ शकते, कोरलेली एकाच घराण्याची राहते. भालाइताचा पंजा आरपार भोकाचा ठेवून दांडा तारेचा दिला, तर भाला तुटायची कटकटच मिटते.

साचा बनवतानाच रबर दाबाखाली सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ग्रीन स्टफ हे सोसतं. साधा रेझिन छापा बहुधा सोसत नाही. तडकतो किंवा चुरा होतो. माझा म्होरक्या असाच गेला, आणि ओताऱ्याने मला त्याचे तुकडे पाकिटात घालून परत पाठवले, बहुधा धडा म्हणून. छापा वापरणार असाल तर आधीच ओताऱ्याशी बोला. खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉनचा पहिला साचा करून त्यातून धातूच्या मास्टर प्रती काढता येतात, किंवा उष्णता सोसणारं रेझिन वापरता येतं. प्रत्येक पिढीला, म्हणजे प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी, आकृती किंचित आकसते, हेही ध्यानात असू द्या. सुटी डोकी आणि धडं एकाच पिढीतून काढली नाहीत तर मान बसत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात. पॉलियुरेथिन रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात. त्यात बारकावे सुंदर येतात, पण साचे लवकर थकतात. कडक प्लास्टिकच्या चौकटीतल्या आकृत्यांसाठी धातूचा कोरीव साचा लागतो. तो इतका महाग असतो की पहिल्या मोहिमेत त्याचं नाव काढू नये. तिसरा मार्ग फक्त फाइल विकायचा, छापायचं ज्याचं त्याने. त्यात साचा नाही, पोस्ट नाही, तुटलेला माल नाही. पैसे गोळा करून माल वेळेत पोचवण्याची धास्ती ज्याला वाटते त्याने इथूनच सुरुवात करावी. मला मात्र हातात घेतल्यावर थंड आणि जड लागणारा धातूच आवडतो, त्याला इलाज नाही.

पायरी ६ : हिशेब, आणि तो दोनदा

आता पैसे. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपले आकडे आपण ओताऱ्याकडून आणि पोस्टाकडून लेखी घ्यावेत.

समजा आठ जणांच्या संचाची किंमत १०० आहे. मंच, म्हणजे मोहीम चालवणारं संकेतस्थळ, ५ टक्के घेतो आणि पैशांची देवघेव करणारा अजून काही, मिळून ९ धरू. धातू आणि ओतकामाला २५. पिशवी, डबी, कागद यांना ६. तुटलेलं, हरवलेलं, चुकून दोन डावे हात गेलेलं परत पाठवायला ५. उरले ५५. पोस्टखर्च यात नाही, तो वेगळा घ्यायचा. आता एकदाच होणारा खर्च पाहा : शिल्पकाम, मास्टर साचे, रंगकाम, फोटो. हा समजा ४,४०० आहे. तो ५५ ने भागला तर ८० संच विकावे लागतात, म्हणजे उद्दिष्ट ८,००० ठेवावं लागतं.

नवखा काय करतो? ‘मला ४,४०० लागतात’ म्हणून ४,४०० मागतो. मोहीम यशस्वी होते, सगळे अभिनंदन करतात. ४४ संच विकले गेले, प्रत्येकी ५५ उरले, म्हणजे हातात २,४२०. खड्डा १,९८० चा. यशस्वी मोहिमेत बुडणं असं असतं. मोहीम पडली तर निदान घरचे पैसे तरी जात नाहीत.

यावर उपाय असा : आठही आकृत्या मोहिमेआधी घडवून ठेवा, जमल्यास साचेही. तो खर्च स्वतःच्या खिशातून, हळूहळू, छंद म्हणून होऊ द्या. मग मोहीम फक्त पहिल्या उत्पादनासाठी उरते, उद्दिष्ट लहान होतं आणि ‘माल कधी मिळणार’ याचं उत्तर वर्षाऐवजी महिन्यांत देता येतं.

पायरी ७ : मोहिमेचं पान

किकस्टार्टर २००९ पासून आहे आणि तिथे ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा नियम चालतो. उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाच्याही कार्डातून पैसे जात नाहीत. टेबलावरच्या खेळांसाठी गेमफाउंडही आहे. मोहीम कोणत्या देशातून सुरू करता येते याची प्रत्येक मंचाची यादी वेगळी असते. पान सजवण्यात आठवडा घालवण्याआधी ती पाहा. किकस्टार्टरवर वस्तू द्यायची असेल तर प्रत्यक्ष नमुना दाखवावा लागतो, खऱ्याचा भास देणारी संगणकी चित्रं चालत नाहीत. २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कुठे केला तेही जाहीर करावं लागतं.

पानावर सगळ्यात वर रंगवलेल्या आठही आकृत्यांचा एकच स्वच्छ फोटो टाका. त्याखाली न रंगवलेल्यांचा, कारण घेणारा धातू पाहायला आलेला असतो. मग पट्टीशेजारचा. मग पाठीमागून घेतलेला. हा कुणी टाकत नाही आणि म्हणूनच तो टाकणाऱ्यावर विश्वास बसतो. व्हिडिओ दीड मिनिटाचा पुरे. गूढ संगीत आणि धुकं नको.

टप्पे कमी ठेवा : एक संच, दोन संच, दुकानदारांसाठी गठ्ठा. ‘पहिल्या पन्नासांना स्वस्त’ ही युक्ती मला पटत नाही. एक्कावन्नावा माणूस रागावून जातो, आणि तो बहुधा दोन संच घेणारा असतो.

आणि स्ट्रेच गोल, म्हणजे ठरलेल्याहून जास्त पैसे जमले की अजून एक आकृती फुकट देण्याचं आमिष. रीपर या मिनिएचर कंपनीने २०१२ साली आपल्या प्लास्टिक मिनिएचरसाठी ३४ लाख डॉलरच्या वर जमवले, आणि तिथे लोकांना मिळालेला आकृत्यांचा ढीग पाहून कित्येकांना वाटलं की मोहीम अशीच करायची असते. पण ती आधीपासून चालणारी कंपनी होती, माणसं आणि गोदाम असलेली. तुमच्या-माझ्यासाठी प्रत्येक फुकट आकृती म्हणजे नवं शिल्प, साच्यात नवी जागा, पाकिटात नवं वजन. आणि त्यातून नवा पैसा शून्य. नाकापेक्षा मोती जड होतो. द्यायचंच असेल तर आधीच घडलेलं काही द्या : चार सुटी डोकी, एक कुत्रा, ढालींवरच्या चिन्हांचा छापील कागद.

पायरी ८ : मोहीम चालू असताना

किकस्टार्टरवर मुदत ६० दिवसांपर्यंत ठेवता येते, पण लहान मोहिमेला दोन-तीन आठवडे पुरतात. आलेख जवळजवळ ठरलेला असतो : पहिल्या दोन दिवसांत उसळी, मग मधला सपाट माळ, शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा उसळी. पान ‘लक्षात ठेवा’ म्हणून खूण केलेल्यांना किकस्टार्टर संपण्याच्या ४८ तास आधी आठवण पाठवतं. म्हणून माळावर हातपाय गाळू नका आणि घाबरून नवी आमिषंही जाहीर करू नका. त्या दिवसांत कामाचे फोटो टाका : साचा कसा कापला, धातू कसा ओतला, कुठे बुडबुडा राहिला.

पहिली उसळी मात्र आपोआप येत नाही. मोहिमेआधी चार-सहा महिने आकृत्यांचे फोटो दाखवत राहायला हवं, खेळाच्या मेळाव्यात टेबल मांडायला हवं, ईमेलची यादी जमवायला हवी. सुरू व्हायच्या दिवशी निदान वीस-तीस माणसं तुमच्याआधी जागी असली पाहिजेत. नसतील तर तारीख पुढे ढकला. तारीख पुढे ढकलायला काही खर्च येत नाही.

मोहीम संपल्यावर काही कार्डं नाकारली जातात. त्या लोकांना सात दिवस मिळतात, तरी थोडी गळती धरूनच चाला. पैसे साधारण १४ दिवसांनी हातात येतात.

पायरी ९ : पाठवणी

पायदळातला धातूचा सैनिक साधारण दहा ते वीस ग्रॅम भरतो. आठ जण, डबी आणि पाकीट मिळून वजनाचा कोणता टप्पा ओलांडला जातो ते किंमत ठरवण्याआधी काट्यावर ठेवून पाहा. माझ्या पेटीत डबीच्या झाकणामुळे सहा ग्रॅम जास्त झाले आणि प्रत्येक पाकिटाला वरच्या टप्प्याचं तिकीट लागलं. डबी बदलली असती तर वाचलं असतं.

कर हा भाग कंटाळवाणा आहे, पण चुकवू नका. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या छोट्या पाकिटालाही मूल्यवर्धित कर लागतो. पूर्वीची २२ युरोपर्यंतची सूट गेली. ब्रिटनने २०२१ च्या सुरुवातीलाच असाच बदल केला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय येत असे, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. म्हणून पोस्टखर्च आणि कर मोहिमेत ठोकून बसवू नका. मोहीम संपल्यावर, प्रत्यक्ष पाठवण्याच्या थोडं आधी, पत्ते घेताना ते वेगळे घ्या, आणि असं करणार हे पानावर पहिल्याच दिवशी ठळक लिहा. नंतर सांगितलेला एक रुपयाही लोकांना डाचतो.

भरताना सगळ्या पाकिटांसाठी एकच क्रम ठेवा : आठ धडं मोजा, आठ डोकी मोजा, आठ ढाली मोजा, मग पिशवी बंद. दोघं असाल तर एकाने भरायचं, दुसऱ्याने मोजायचं. एकटे असाल तर रोज तीसच पाकिटं भरा. एकतिसाव्यापासून डोकी चुकतात.

उशीर होणार असेल तर कळल्या दिवशीच लिहा, कारणासकट. लोक उशिरावर रागावतात, त्याहून जास्त गप्प बसण्यावर.

सगळं गेल्यावर साचे पुसून, तारीख घालून, आडवे आणि अंधारात ठेवा. प्रत्येक आकृतीच्या निदान तीन मास्टर प्रती एका डबीत बंद करा आणि त्या डबीवर ‘विकायच्या नाहीत’ असं लिहा, कारण उत्पादनाचा साचा झिजणारच आहे. कुणीतरी दोन वर्षांनी शिंगवाला भालाईत मागेल, तेव्हा नवा साचा याच प्रतींतून कापावा लागतो. माझ्या डबीत शिंगवाल्याच्या दोनच उरल्यात. तिसरा मी एका मेळाव्यात, चहाच्या भरात, कुणाला तरी देऊन बसलो.